मास्तरच्या गळ्यातली मसूर

मित्रांनो, घरातल्या डब्यातून मसुरीचा एक दाणा घ्या आणि तळहातावर ठेवा. फुंकर मारली तर उडून जाईल. मी तेवढीच आहे. सबंध आयुष्य मी एकाच बाईच्या गळ्यात काढलं, आणि तिला माझं नाव कळलं तेव्हा फार उशीर झाला होता.

माझं नाव परावटू ग्रंथी. डॉक्टरमंडळी पॅराथायरॉईड म्हणतात. गळ्यात पुढच्या बाजूला फुलपाखरासारखी पसरलेली थायरॉईड असते ना, जिला सगळं जग ओळखतं, तिच्या पाठीला चिकटून मी राहायचे. तिच्या नावाला ‘पॅरा’ जोडून माझं नाव कसंबसं भागवलंय. खरं तर आमचं नातं शेजारणींचं. ती तिच्या कामात, मी माझ्या.

तुम्ही म्हणाल, ग्रंथीला बाहेरचं काय कळणार? कळतं हो. माझी मालकीण जे पाहते, ऐकते, ज्याचा धसका घेते, ते सगळं शेवटी तिच्या रक्तात उतरतं, आणि रक्त माझ्या दारावरूनच जातं. शिवाय तिचा आवाज जिथे तयार व्हायचा ती खोली माझ्या भिंतीला लागून होती.

आम्ही चौघी बहिणी. वरच्या दोघी, खालच्या दोघी. गंमत म्हणजे मालकीण तिच्या आईच्या पोटात बोटभरसुद्धा नव्हती, तेव्हा आम्ही खालच्या दोघी वर होतो. मग घसरत घसरत, वरच्यांना ओलांडून, खाली आलो. या प्रवासात कोण कुठे रेंगाळेल याचा नेम नसतो. मी डावीकडे नीट जागेवर पोचले. माझी उजवीकडची जुळी मात्र वाट चुकली आणि थायरॉईडच्या आत शिरून तिथेच राहिली. बाहेरून पाहणाऱ्याला ती दिसणारही नाही. तेव्हा त्याचं काही वाटलं नव्हतं.

आमचं काम एकच: रक्तातल्या कॅल्शियमवर डोळ्यात तेल घालून लक्ष ठेवायचं. कॅल्शियम म्हणजे फक्त हाडं आणि दात, असं समजू नका. रक्तातलं मोकळं कॅल्शियम कमी झालं की नसा चाळवतात, कोणी हाक न मारताच ओ देतात. मग मुंग्या येतात, स्नायू आखडतात, आणि फारच कमी झालं तर गळा आवळतो, झटके येतात, हृदयाचा ठोका चुकतो. म्हणून कॅल्शियम जरा उतरलं की मी दार उघडून माझा रस सोडायचे. शास्त्राच्या पुस्तकात त्याला संप्रेरक म्हणतात. तो हाडांना सांगायचा, थोडं द्या. मूत्रपिंडांना सांगायचा, वाया घालवू नका. कॅल्शियम पुरेसं झालं की मी दार लावून घ्यायचे. दिवसभर हेच. उघड, लाव, उघड, लाव.

पण माझ्या दाराला आणखीही कोणी हात लावायचं. मज्जातंतूंची बारीक टोकं माझ्यापर्यंत आलेली होती. त्यांतून निरोपे यायचे. पुस्तकात त्यांना चेतापारेषक म्हणतात, मी निरोपेच म्हणते. एकाचं नाव नॉरअ‍ॅड्रेनॅलिन. त्याचा भाऊ अ‍ॅड्रेनॅलिन मूत्रपिंडांवरच्या ग्रंथींतून निघून रक्तातून धावत यायचा. मालकीण दचकली की हे दोघे हजर. “उघड, उघड, काहीतरी झालंय!” मग कॅल्शियम पुरेसं असतानासुद्धा मी दार किलकिलं करायचे आणि थोडा रस निसटायचा. डोपामिन नावाचाही एक निरोप्या आहे. गाईंच्या ग्रंथींवर त्याचा चांगला जोर चालतो असं शास्त्रज्ञांनी पाहिलंय. माणसांत किती चालतो यावर त्यांचं अजून एकमत नाही, आणि मला कोणी विचारलेलं नाही. एवढं मात्र खरं, की निरोप्यांचा गलबला थोड्या वेळाचा. दार किती उघडं राहणार हे शेवटी कॅल्शियमच ठरवायचं.

माझ्या मालकिणीच्या गळ्यात निरोप्यांची ये-जा जरा जास्तच होती. ती घाबरट म्हणून घरात प्रसिद्ध.

ती शाळेचे गणवेश शिवणाऱ्या कारखान्यात कापड बेतायची. लांबच लांब टेबलावर कापडाचे थरावर थर पसरायचे, वर खडूनं आखायचं, आणि मग एकाच फटक्यात सगळे थर कापायचे. कात्री बोटभर चुकली तर एक सदरा नाही, ढीगभर सदरे वाया. त्यामुळे पहिला काप घेण्याआधी तिच्या पोटात गोळा यायचा. पण हात कधी हलला नाही. कारखान्यात सगळे तिला मास्तर म्हणायचे.

तिचा नवरा तलावावर पोहायला शिकवायचा. त्यालाही सगळे मास्तरच म्हणायचे. घरात खरा मास्तर कोण यावर रोज वाद.

“मी माणसं तरंगवतो,” तो म्हणायचा.

“आणि मी त्यांना कपडे घालते. नाहीतर तरंगली असती तशीच!” ती म्हणायची.

शेवटी तो हरला आणि तिलाच मास्तर म्हणू लागला. पाण्याला घाबरणाऱ्या माणसांना त्यानं आयुष्यभर एकच औषध दिलं होतं: श्वास. “भरून घे. धर. सोड.” घरी मास्तर घाबरली की तो तिच्यासमोर पाटावर बसायचा आणि तेच सुरू करायचा. लेकीला पहिल्यांदा ताप आला, तेव्हा तेच. लेक जिन्यावरून घसरली, तेव्हाही तेच. या लेकीचं घरातलं नाव बटण. आई कपडे बेतणारी, मग लेकीला आणखी काय म्हणणार?

बटण जन्मल्यावर तर मास्तरची झोपच उडाली. भरदुपारी बाळ शांत झोपलेलं असताना ही त्याच्या नाकाशी बोट धरून बसायची. श्वास लागला की समाधान, आणि लगेच शंका, की मघाचा जरा हळू होता का? एक सांगते. दूध पाजण्याच्या त्या दिवसांत हाडांतून कॅल्शियम काढण्याचं बरंचसं काम स्तनांनी परस्पर उरकलं, मला विचारलंही नाही. मी आपली निरोप्यांचे धक्के खात बसलेली. कधी ती घाबरून भराभरा श्वास घ्यायची, आणि सगळ्यात शेवटी तिच्या बोटांना मुंग्या यायच्या.

त्या मुंग्यांचं कारण मला ठाऊक होतं. माणूस भराभरा किंवा फार खोल श्वास घेत राहिला की रक्ताची आम्लता उतरते, आणि रक्तातली प्रथिनं मोकळं कॅल्शियम पकडून ठेवतात. कॅल्शियम असतं, पण कामाला नसतं. तेव्हा आम्ही चौघी धडधाकट होतो. लगेच दार उघडायचो. श्वास निवला की मुंग्याही जायच्या. मास्तरला वाटायचं, नवऱ्याच्या श्वासानं बरं वाटलं. नवऱ्यालाही तेच वाटायचं. कौतुक त्याचं व्हायचं, पण मला त्याचं वाईट वाटत नसे.

मग माझी शेजारीण सुजू लागली. आधी सदऱ्याचं वरचं बटण लागेना, मग घास उतरेना. तपासण्या झाल्या, आणि थायरॉईड काढायचं ठरलं.

डॉक्टरीणबाई बोलायला चांगल्या होत्या. कागदावर गळ्याचं चित्र काढून त्यांनी सगळं समजावलं. आवाजाच्या नसा कुठून जातात, त्यांना धक्का लागला तर काय होतं. तेवढं ऐकूनच मास्तरच्या तोंडचं पाणी पळालं. बटणला हाक मारता आली नाही तर? पुढचं सगळं तिनं त्या ‘तर’मधून ऐकलं.

“आणि इथे,” डॉक्टरीणबाईंनी चार ठिपके काढले, “मसुरीएवढ्या चार ग्रंथी असतात. त्या सांभाळायचा आम्ही पुरेपूर प्रयत्न करतो. पण काही दिवस त्या रुसू शकतात. ओठांभोवती किंवा बोटांना मुंग्या आल्या, तर लगेच सांगायचं. किरकोळ वाटलं तरी.”

“मुंग्या?” मास्तर म्हणाली. “त्या तर मला येतच असतात.”

“डॉक्टर, हिला दाराची बेल वाजली तरी मुंग्या येतात,” नवरा म्हणाला.

तिघंही हसले. डॉक्टरीणबाईसुद्धा. हसणं मायेचं होतं, कोणाच्या मनात वाईट नव्हतं. पण त्या हसण्यात डॉक्टरीणबाईंचं एक वाक्य वाहून गेलं. ते वाक्य माझ्याबद्दल होतं. मी तिथेच होते, तिच्या गळ्यात, आणि मला ते पकडून ठेवता आलं नाही.

शस्त्रक्रियेच्या दिवशी मी पहिल्यांदा उजेड पाहिला. वर मोठा दिवा, खाली हातमोज्यांतली बोटं. डॉक्टरीणबाई माझ्यावर वाकल्या आणि मदतनीस डॉक्टरला म्हणाल्या, “ही बघ. मधाच्या रंगाची. काय सुरेख आहे! चरबी समजून टाकली असतीस तू.”

“नसती टाकली, मॅडम.”

“टाकली असतीस. मी टाकली होती, शिकत असताना. बोलणी खाल्ली होती.”

मित्रांनो, इतक्या वर्षांत माझी कोणी स्तुती केली ती एवढीच. ती पुरती अंगी लागायच्या आत माझं रक्त थांबलं. माझी रक्तवाहिनी केसाएवढी, आणि ती शेजारणीच्या अंगावरूनच येणारी. शेजारीण सुटली तशी तीही सुटली. मध काळवंडला.

“गेली हिची,” डॉक्टरीणबाई म्हणाल्या. आवाज उतरला होता त्यांचा. “लावून टाकू हिला.”

लावून टाकायचं म्हणजे काय, हे मला कळलं तेव्हा मी थंडगार मिठाच्या पाण्यात होते. पातीनं माझे बारीक बारीक तुकडे केले. गळ्याच्या बाजूला जो जाड स्नायू असतो, त्यात एक खिसा केला, आणि मला त्यात पेरलं. वरून एक निळा टाका घातला. पुन्हा शोधायची वेळ आली तर सापडावी म्हणून.

माझी उजवी जुळी शेजारणीच्या पोटात होती. ती शेजारणीबरोबरच बरणीत गेली. तिला कोणी पाहिलंच नाही. वरच्या दोघी जागेवर राहिल्या, पण सुजून, बधिर होऊन. हाक मारली तर ओ देतील अशी त्यांची स्थिती नव्हती.

आणि मी? त्या खिशात सगळं शांत होतं. मज्जातंतूंची टोकं तुटून मागेच राहिली होती. रक्तवाहिनी नवी फुटेपर्यंत आजूबाजूचा ओलावा जेवढा झिरपेल तेवढ्यावर जगायचं. मालकीण शुद्धीवर आली, तेव्हा नक्कीच घाबरली असणार. एरवी तो निरोप पापणी लवायच्या आत माझ्यापर्यंत पोचला असता. त्या दिवशी काहीच आलं नाही. जिच्या एकेका दचकण्याचा धक्का मी इतकी वर्षं खाल्ला, तिच्यावर काय गुजरतंय ते मला कळेना. बाहेरचे आवाज तेवढे तिच्या मांसातून माझ्यापर्यंत यायचे; बाकीचं मला नंतर, रक्त पुन्हा सुरू झाल्यावर कळलं.

रक्तातलं कॅल्शियम एकदम आटत नाही. नळ बंद झाला तरी हौद लगेच रिकामा होत नाही ना, तसं. दुसऱ्या दिवशीची तपासणी काठावर पास झाली. कॅल्शियमच्या गोळ्या दिल्या, घरी जायचं ठरलं.

निघताना वॉर्डातल्या सिस्टर विचारायला आल्या. “मुंग्याबिंग्या काही?”

मास्तरच्या ओठांच्या कडेला अगदी बारीक, मुंगीच्या पायाएवढी एक मुंगी आली होती. तिला ती कळली होती. पण शेजारच्या खाटेवरची आजी ऐकत होती, नवरा पिशवी घेऊन उभा होता, आणि पुन्हा एकदा घाबरट ठरायची तिला लाज वाटली.

“नाही,” ती घोगऱ्या आवाजात म्हणाली. “काही नाही.”

मी तर तिच्याच मांसात पुरलेली होते. तिच्या ‘नाही’चा कंप माझ्या तुकड्यातुकड्यांतून गेला, आणि मी काय केलं? काहीच नाही. करण्यासारखं काही नव्हतंच.

घरी बटणला सांभाळायला मास्तरची मोठी बहीण आली होती. ताई बोलायला फटकळ, पण कामाला वाघ. तिनं पेज केली, अंथरूण झटकलं. गोळ्या मात्र मोठ्या होत्या आणि गळा दुखरा. मास्तरनं सकाळची अर्धीच गोळी गिळली, उरलेली बशीत ठेवून दिली. “दुपारी घेते,” म्हणाली. दुपारी ताईनं आठवण केली, तेव्हा म्हणाली, “जरा वेळानं.”

दुपार कलली तशा मुंग्या ओठांवरून गालांवर आल्या, बोटांवर उतरल्या. मास्तर गप्प. चेहरा मात्र लपवता आला नाही.

“का गं, पांढरी का पडलीस?” ताईनं विचारलं.

“काही नाही. जरा मुंग्या.”

“झालं! सुरू झालं हिचं. लहानपणापासून ओळखतो गं आम्ही तुझ्या भीतीला. आता होऊन गेलं ना ऑपरेशन? आता कशाला घाबरायचं?”

नवरा खुर्ची ओढून समोर बसला. त्याच्या डोळ्यांत काळजी होती, आणि त्याच्या हातात एकच औषध होतं. “चल मास्तर. माझ्याकडे बघ. भरून घे.”

आणि ती बिचारी भरून घेऊ लागली.

मित्रांनो, त्या वेळी काय चाललं होतं ते कसं सांगू! तो जीव तोडून श्वास घ्यायला लावत होता, आणि प्रत्येक खोल श्वासाबरोबर तिच्या रक्तातलं उरलंसुरलं मोकळं कॅल्शियम प्रथिनांच्या तावडीत जात होतं. मुंग्या वाढल्या. मुंग्या वाढल्या म्हणून भीती वाढली. भीती वाढली म्हणून तो म्हणाला, “अजून मोठा घे. अजून.” बटणला वाटलं खेळच चाललाय. तीही आईसमोर फतकल मारून बसली आणि गाल फुगवून श्वास घेऊ लागली. ताईसुद्धा नकळत त्यांच्या लयीत. सगळं घर मायेनं श्वास घेत होतं, आणि माझी मालकीण त्या श्वासात बुडत चालली होती.

अ‍ॅड्रेनॅलिन आता रक्तातून लोंढ्यानं धावत असणार. माझ्या खिशापर्यंत त्याचा ओघळसुद्धा उशिरा आला. “उघड!” तो म्हणाला. मी सगळे तुकडे एक करून जोर लावला. दार होतं, पण आत काही नव्हतं. अर्ध्याअधिक पेशी जिवंत राहायच्याच धडपडीत होत्या. वरच्या बहिणींच्याही दारावर त्यानं धक्के मारले असतील, पण बधिर माणसाला दार वाजलेलं कुठे कळतं? निरोप्याचं काम निरोप द्यायचं. तो देऊन गेला.

मग मास्तरचा उजवा हात आपोआप वळला. मनगट वाकलं, चार बोटं सरळ होऊन एकमेकांना चिकटली, अंगठा तळव्यात गेला.

“आई, बदक!” बटण टाळ्या पिटत ओरडली. “आईनं बदक केलं! बाबा, तुम्ही पण करा ना.”

ताई हसली. नवराही अर्धवट हसला. मास्तर मात्र आपल्या हाताकडे बघत होती. थरांवर थर कापताना कधी न हललेला तो हात तिचं ऐकत नव्हता. तिनं दुसऱ्या हातानं बोटं उघडायचा प्रयत्न केला. उघडेनात.

“थांबव,” ती म्हणाली. ओठ ताठरले होते, शब्द नीट उमटेनात. “श्वास थांबव.”

“अगं, घाबरू नकोस, अजून थोडं...”

“ही भीती नाहीये.”

“मास्तर, तू नेहमी असंच म्हणतेस.”

“नेहमी नाही म्हणत. आज म्हणतेय.” तिनं आवंढा गिळला. गिळतानाही आवळल्यासारखं होत होतं. “माझी भीती मी ओळखते. माझ्याइतकी कोणी ओळखत नाही. ती आधी पोटात येते. मग छातीत. मुंग्या सगळ्यात शेवटी. आज मुंग्या सकाळपासून आहेत. दवाखान्यातच आल्या होत्या. भीती आत्ता आली, तू मला श्वास घ्यायला लावलास तेव्हा. उलटं आहे रे हे सगळं.”

बटण गाल फुगवायची थांबली.

नवऱ्यानं तो वळलेला हात आपल्या हातात घेतला, उलटसुलट पाहिला. पाण्यात घाबरलेली शेकडो माणसं त्यानं धरली होती. घाबरलेला माणूस मूठ आवळतो, समोरच्याचं मानगूट धरतो. अशी बोटं त्यानं कधी पाहिली नव्हती. त्याचा चेहरा बदलत गेला. मग तो उठला आणि फोनकडे धावला.

डॉक्टरीणबाईंनी पुरतं ऐकूनही घेतलं नाही. “जोरजोरात श्वास अजिबात घ्यायला लावू नका. साधा, हळू घेऊ दे. तिच्याशी बोलत राहा आणि आहात तसे निघा. मी येतेच आहे.”

फोन ठेवल्यावर तो क्षणभर भिंतीला टेकून उभा राहिला. “मीच...” एवढंच म्हणाला.

“नंतर रड,” ताईनं त्याच्या हातात गाडीची किल्ली कोंबली. “आधी गाडी काढ.”

गाडीत मास्तरच्या गळ्यातून श्वासाबरोबर बारीक शिट्टीसारखा आवाज येऊ लागला. ती काय बोलत होती ते कोणाला समजेना. मला समजत होतं. ती लेकीचं नाव घेत होती. मी तिच्या गळ्यात होते, आवळणाऱ्या त्या जागेपासून बोटभर अंतरावर. आयुष्यात इतक्या जवळ राहून इतकी निरुपयोगी मी कधीच नव्हते.

दवाखान्यात दारातच डॉक्टरीणबाई उभ्या होत्या. शिरेतून कॅल्शियम सुरू झालं. भराभर देता येत नाही, हृदयावर लक्ष ठेवत अगदी हळूहळू द्यावं लागतं. मास्तरच्या अंगात ऊब पसरत गेली. शिट्टी थांबली. मग अंगठा सुटला, त्यामागून एकेक बोट. नवरा ती बोटं चोळत बसला होता. आपला श्वास मात्र त्यानं इतका दाबून धरला होता, की सिस्टर म्हणाल्या, “मास्तर, तुम्ही घ्या आता श्वास.”

“हा मास्तर नाही,” खाटेवरून घोगरा आवाज आला. “मास्तर मी.”

डॉक्टरीणबाईंनी तिच्या कपाळावर हात ठेवला. “मुंग्या आधीपासून येतात म्हणालीस, तेव्हा मी थांबून विचारायला हवं होतं,” त्या हळूच म्हणाल्या. “हसले मी.”

मास्तरनं मान हलवली. तीही हसली होती.

मित्रांनो, मी जिवंत आहे. खिशात हळूहळू नव्या रक्तवाहिन्या फुटल्या. परवाच्या तपासणीच्या कागदावर मास्तरनं पहिल्यांदा माझं नाव वाचलं, आणि पुढे माझ्या रसाचा आकडा. “शून्य नाही,” डॉक्टरीणबाई म्हणाल्या, “पण पुरेसाही नाही.” वरच्या बहिणींपैकी कोणाला जाग आली आहे आणि त्या आकड्यात माझा वाटा किती, हे मला ठाऊक नाही. मास्तर रोज कॅल्शियमच्या गोळ्या घेते, अख्ख्या. कधीतरी तिला त्यांची गरज उरणार नाही, की ती गरज जन्मभर राहील, हे मी सांगू शकत नाही. मी रोज जोर लावते. बाकी माझ्या हातात काही नाही.

मज्जातंतूंची टोकं काही माझ्यापर्यंत आलेली नाहीत. तिची भीती आता मला उशिरा कळते, रक्तातून, पातळ होऊन. पूर्वी तो गलबला नकोसा व्हायचा. आता मी त्याची वाट बघते. ती घाबरली आणि मला कळलंच नाही, असं नको वाटतं.

काल सकाळी बटण तलावावर जायला तयार होत नव्हती. “पोटात दुखतंय,” म्हणाली. ताई असती तर म्हणाली असती, घाबरली पाण्याला, आईवर गेलीय. मास्तरच्याही ओठांवर तेच आलं होतं. मला तो शब्द तिच्या गळ्यात चढताना कळला. पण तिनं तो गिळला, आणि लेकीसमोर जमिनीवर बसली.

“मला सांग बटण, आधी काय आलं? पोटात दुखणं, की भीती?”

बटणनं बराच विचार केला. “आधी भीती,” ती शेवटी म्हणाली. “मग पोटात. पण आई, दुखतंय खरंच.”

“खरंच दुखतंय,” मास्तर म्हणाली, आणि तिनं लेकीच्या पोटावर हात ठेवला.

मित्रांनो, तुमच्याही घरात, वर्गात कोणी घाबरट म्हणून प्रसिद्ध असेल. ते माणूस काही दुखतं म्हणालं की सगळे हसत असतील, तुम्हीही हसत असाल. माझी एवढीच विनंती आहे. हसायच्या आधी थांबा. त्याला विचारा, काय होतंय, कधीपासून होतंय, आधी काय आलं. आणि उत्तर येईपर्यंत गप्प बसा. त्याला ते उत्तर ठाऊक असतं. त्याच्या भीतीला त्याच्याइतकं जवळून कोणीच पाहिलेलं नसतं.